वाचनालयाची दाखल नोंदवही जँगोत आणताना: ‘गेट-ऑर-क्रिएट’च्या प्रकल्प नोंदी

८ जून २०२५

आमच्या गावचं वाचनालय ‘ब’ वर्गातलं. दाखल नोंदवहीचे चार जाडजूड खंड, शेवटचा दाखल क्रमांक ११,२४०. सभासदांचं रजिस्टर वेगळं, देवघेवीची वही वेगळी. हे सगळं संगणकावर आणायचं काम कार्यकारिणीने माझ्यावर सोपवलं. मी मजुरी घेत नाही. टायपिंगला कॉलेजची दोन मुलं आहेत, एक मुलगी आणि एक मुलगा. नोंदीमागे दोन रुपये, म्हणजे २२,४८० रुपये लागतील. सर्व्हरचं भाडं महिना ६५० रुपये. दुसऱ्या गावात कुणी हेच काम काढलं तर त्याचे दिवस वाचावेत म्हणून रोजच्या रोज लिहून ठेवतो आहे.

जँगो ५.२ (पायथन भाषेतली, वेबसाइट बांधायची चौकट), पोस्टग्रेस १६ (डेटाबेस). टेबलं पाच: लेखक, प्रकाशक, पुस्तक, प्रत, सभासद. पुस्तक आणि प्रत वेगळी ठेवली, कारण एकाच पुस्तकाच्या चार-चार प्रती आहेत आणि दाखल क्रमांक प्रतीला असतो.

मुलं एक्सेलमध्ये टाइप करणार, माझी स्क्रिप्ट ती फाइल वाचणार. प्रत्येक ओळीत लेखकाचं नाव येतं. तो लेखक आधीच टेबलात असेल तर तोच घ्यायचा, नसेल तर नवा करायचा. जँगोत यासाठी तयार मेथड आहे, गेट-ऑर-क्रिएट. एका ओळीचं काम वाटलं होतं.

पहिला अर्धा तास एका साध्या गोष्टीत गेला. ही मेथड नुसती नोंद परत देत नाही, जोडी देते: नोंद, आणि ती आत्ता नवी झाली की नाही याचं हो-नाही. मी अख्खी जोडीच पुस्तकाच्या लेखक-रकान्यात कोंबत होतो आणि जँगो नकार देत होतं. दोन नावांत उलगडून घेतल्यावर चाललं. ते हो-नाही टाकून देऊ नका. मी दर ओळीमागे ते मोजायला लागलो आणि पुढच्या बहुतेक चुका त्या मोजणीनेच दाखवल्या.

१० जून

पहिल्या खंडातल्या ४१२ ओळी आत गेल्या. एका ओळीत किंमत चुकली होती, म्हणून ती सुधारून फाइल पुन्हा चालवली. पुस्तकं ८२४ झाली.

कारण शोधायला वेळ लागला नाही. मी सगळे रकाने शोधाच्या अटीतच दिले होते: शीर्षक, लेखक, प्रकाशक, किंमत, आणि नोंद केल्याची वेळ. वेळ दर वेळी वेगळी, त्यामुळे जुनी नोंद कधीच सापडणार नव्हती. गेट-ऑर-क्रिएटला जे थेट द्याल ते सगळं ‘शोधताना जुळलंच पाहिजे’ असं धरलं जातं. नवी नोंद करतानाच लागणाऱ्या गोष्टी डिफॉल्ट्स नावाच्या वेगळ्या डिक्शनरीत द्यायच्या असतात, त्या शोधात येत नाहीत.

नोंदीची वेळ डिफॉल्ट्समध्ये गेली, किंमत आणि पानंही गेली. किमतीबद्दल मी थोडा अडखळलो. पुनर्मुद्रणाची किंमत वेगळी असते, मग पुस्तक वेगळं धरायचं का? ग्रंथपाल बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “दादा, किंमत प्रतीची असते. दाखल क्रमांकासमोर लिहितो आपण ती.” नोंदवही उघडून बघितली, खरंच तसं आहे. किंमत प्रतीच्या टेबलात हलवली. बाईंना हे तेवीस वर्षांपासून ठाऊक आहे. टेबलं आखण्याआधी त्यांच्याशेजारी एक दुपार बसलो असतो तर ही फेरमांडणी टळली असती.

टेबलं रिकामी करून पुन्हा चालवलं. दोनदा. दुसऱ्यांदा नवीन शून्य.

१४ जून

आजचा दिवस वाईट गेला.

सकाळी दुसऱ्या खंडाची फाइल टाकताना स्क्रिप्ट मध्येच थांबली. त्रुटी अशी की एकच नोंद हवी होती, दोन सापडल्या. परवा अॅडमिन पॅनेलमधून (जँगोच्या तयार नोंदी-पानावरून) मी हाताने काही लेखक भरले होते, त्यात एक नाव दोनदा गेलं होतं. गेट-ऑर-क्रिएट अशा वेळी कुठलीही एक नोंद उचलत नाही, थांबते. मोह झाला होता की ‘फिल्टर करून जी पहिली मिळेल ती घे’ असं लिहावं आणि पुढे जावं. तसं केलं नाही, आणि कुणी करू नये. मग दुहेरी नोंदी तशाच राहतात, पुस्तकं दोन्हीकडे विखुरतात आणि सहा महिन्यांनी वाचक म्हणतो, ह्या लेखकाची तुमच्याकडे दोनच पुस्तकं कशी?

म्हणून दोन्ही नोंदी एकत्र करायला बसलो. शेलमधून, म्हणजे थेट आज्ञा टाइप करून केलं, आणि क्रम चुकला. आधी एका नोंदीची पुस्तकं दुसरीकडे वळवायची आणि मगच ती नोंद पुसायची, हा बरोबर क्रम. मी आधी पुसली. लेखक आणि पुस्तक यांच्या नात्यावर मी कॅस्केड ठेवलं होतं, म्हणजे लेखक गेला की त्याची पुस्तकं जातात, पुस्तकं गेली की प्रती जातात. ३७ पुस्तकं आणि ५२ प्रती एका क्षणात गेल्या. अॅडमिनमधून पुसलं असतं तर जँगोने आधी यादी दाखवून विचारलं असतं. शेल विचारत नाही.

बॅकअप आदल्या रात्रीचा होता. तो बसवला, पण आज सकाळी मुलीने थेट पॅनेलमधून भरलेल्या ११८ नोंदी त्यात नव्हत्या. त्या तिने पुन्हा टाइप केल्या, त्याचे २३६ रुपये मी माझ्याकडून दिले. चूक माझी, तिचे तास फुकट जायला नकोत. एकूण साडेचार तास गेले.

संध्याकाळी सगळ्या नात्यांवर कॅस्केड काढून प्रोटेक्ट लावलं. आता ज्या लेखकाला एक जरी पुस्तक जोडलेलं असेल तो पुसलाच जात नाही. एकत्रीकरणासाठी वेगळी छोटी स्क्रिप्ट लिहिली, एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल, नाहीतर काहीच नाही): पुस्तकं वळवते, मोजते, मोजणी जुळली तरच जुनी नोंद काढते. बॅकअप आता दर दोन तासांनी.

१७ जून

एका लेखकाचं आडनाव कुऱ्हाडे. टेबलात ते दोनदा दिसत होतं. दोन्हीकडे पडद्यावर अक्षरशः एकसारखं. जागा, टिंब, सगळं तपासलं. शेवटी पायथनला लांबी विचारली: एकाची आठ, दुसऱ्याची नऊ.

एकेक चिन्ह सुटं करून छापलं तेव्हा उलगडलं. मुलगी इन्स्क्रिप्टवर टाइप करते. तिच्या कीबोर्डवर ‘ऱ’ हे वेगळं अक्षर आहे, त्याला हलन्त दिला की ‘ऱ्ह’ होतं. मुलगा मोबाईलवरच्या फोनेटिक कीबोर्डवर टाइप करून पाठवतो. त्याच्याकडून साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर येतो. दोन्ही पद्धती युनिकोडमध्ये मान्य आहेत आणि दोन्ही दिसायला एकच: कुऱ्हाडे, कुर्‍हाडे. डेटाबेसच्या लेखी मात्र ही दोन वेगळी नावं. गेट-ऑर-क्रिएटने तिचं काम चोख केलं होतं.

सगळं एनएफसी रूपात (युनिकोडने ठरवलेल्या एकसंध रूपात) आणलं की प्रश्न मिटेल असं वाटलं. ‘र’ आणि खाली नुक्ता अशा दोन चिन्हांचा ‘ऱ’ झालेला असेल तर एनएफसी ते जोडून देतं, पण जॉइनरवाल्या रूपाला हात लावत नाही.

मग मी सगळ्या नावांमधून जॉइनर सरसकट काढून टाकला. हे करू नका. जॉइनर गेला की ‘र्‍ह’चा ‘र्ह’ होतो, म्हणजे डोक्यावर रफार येतो. कुर्हाडे. बाईंनी छापील यादी हातात घेतली आणि पहिल्याच पानावर बोट ठेवलं. “हे आडनाव असं नाही लिहीत.” आपल्याकडे आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांत फरक आहे. तो फरक माझ्या एका ओळीने पुसून टाकला होता. बॅकअप दोन तासांचा होता म्हणून फार गेलं नाही.

आता अशी व्यवस्था केली. नाव पुस्तकावर छापलंय तसंच ठेवायचं. शेजारी वेगळा रकाना, त्याला मी जुळणी-चावी म्हणतो. चावी करताना क्रम असा: एनएफसी, मग ‘र, हलन्त, जॉइनर’ या तिघांच्या जागी ‘ऱ, हलन्त’, त्यानंतरच उरलेले जॉइनर आणि नॉन-जॉइनर काढणं, मग ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेल्या ‘अॅ’च्या जागी एकसंध ‘ॲ’, कारण हेही एनएफसी जोडत नाही, शेवटी टिंबं आणि मोकळ्या जागा काढणं. शोध चावीवर, आणि छापील नाव डिफॉल्ट्समध्ये.

टिंबांमुळे मोठा फायदा झाला. आपली लेखकनावं म्हणजे आद्याक्षरांचा बाजार. वि. वा. शिरवाडकर, वि.वा. शिरवाडकर, वि वा शिरवाडकर हे तिन्ही आता एका चावीत बसतात. एकट्या या खंडात ९४ दुहेरी लेखक निघाले. चौदा तारखेच्या स्क्रिप्टने ते वीस मिनिटांत एकत्र केले.

१८ जून

चावीने सुटत नाही ते: शिरवाडकर आणि कुसुमाग्रज एकच. नाटकांवर एक नाव, कवितासंग्रहांवर दुसरं. कुठलीही अक्षरांची जुळवाजुळव हे सांगू शकत नाही, ते माहीत असावं लागतं. म्हणून ‘लेखकनाव’ असं वेगळं टेबल केलं, प्रत्येक नाव एका व्यक्तीकडे बोट दाखवतं. गेट-ऑर-क्रिएट आता फक्त लेखकनावावर चालते. कुठलं नाव कुणाचं, ते बाई चिठ्ठीवर लिहून देतात आणि मी हाताने जोडतो. पुस्तकावर छापलेलं नाव बदलत नाही. वाचकाने कुसुमाग्रज शोधलं तरी सगळं समोर यावं एवढंच.

२१ जून

तीन हजार नोंदींनंतर एक्सेल बंद केलं. आता दोन्ही मुलं थेट वेबवरच्या फॉर्ममध्ये भरतात. पहिल्याच दिवशी एक प्रकाशक दोनदा तयार झाला, दोन्ही नोंदींमध्ये एक सेकंदाचंही अंतर नाही. चाव्या तंतोतंत एक.

दोघांपुढे एकाच प्रकाशकाचा गठ्ठा होता आणि दोघांनी एकदमच ‘जतन करा’ दाबलं. गेट-ऑर-क्रिएट आधी शोधते, सापडलं नाही तर बनवते. त्या दोन पायऱ्यांच्या मध्ये दुसऱ्याचाही शोध रिकामा परतला. हे थांबवणं पायथनच्या हातात नाही, ते डेटाबेसनेच थांबवावं लागतं. चावीच्या रकान्यावर युनिक कंस्ट्रेंट (एकच चावी दोनदा येऊ न देणारा नियम) हवा होता, तो मी लावलेलाच नव्हता.

लावायला गेलो तर मायग्रेशन (टेबलाची रचना बदलणारी पायरी) पडलं, कारण दुहेरी नोंदी आधीच आत होत्या. त्या साफ करून लावलं. आता दुसऱ्याची नोंद डेटाबेस अडवतो, गेट-ऑर-क्रिएट ती त्रुटी आतल्या आत झेलते आणि पुन्हा शोधून पहिल्याने केलेली नोंद परत देते.

मध्ये एक तास मी स्वतःच हे हाताने लिहायचा प्रयत्न केला: शोध, नाही तर बनव, अडलं तर पुन्हा शोध. पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शनच्या आत एक त्रुटी आली की ते ट्रान्झॅक्शन निकामी होतं, पुढची एकही क्वेरी चालत नाही. माझा ‘पुन्हा शोध’ तिथेच मेला. जँगोची मेथड बनवण्याच्या पायरीभोवती सेव्हपॉइंट ठेवते, त्रुटी आली तर तेवढंच मागे घेते. माझं काढून टाकलं.

पुस्तकाच्या टेबलात आणखी एक भोक होतं. तिथे शीर्षक, लेखक आणि प्रकाशक मिळून युनिक आहेत. पण जुन्या पुस्तकांची पहिली पानं फाटलेली, प्रकाशक ठाऊक नाही, रकाना नल, म्हणजे रिकामा. डेटाबेस दोन नल समान मानत नाही, म्हणून असं पुस्तक कितीही वेळा आत जाऊ शकतं. जँगो ५.० पासून कंस्ट्रेंटला ‘नल वेगळे मानू नको’ असं सांगता येतं, त्यासाठी पोस्टग्रेस १५ किंवा पुढचं लागतं. आमच्याकडे दोन्ही आहे, लावलं.

२४ जून

लेखकांच्या यादीत ‘शि’, ‘शिर’, ‘शिरव’ असे लेखक दिसले. फॉर्ममध्ये नाव टाइप करताना खाली सुचवण्या येतात. त्या सुचवण्यांच्या व्ह्यूमध्ये (विनंतीला उत्तर देणाऱ्या कोडमध्ये) मी चावी बनवायचा कोड उचलून आणताना सोबत गेट-ऑर-क्रिएटही आणलं होतं. दर अक्षराला एक विनंती, दर विनंतीला एक नवा लेखक. दोन दिवसांत १,३०६.

शोधाच्या ठिकाणी फक्त शोधच. नोंद निर्माण करू शकणारी कुठलीही मेथड आता फक्त पोस्ट विनंतीतून, म्हणजे फॉर्म जतन करतानाच, चालते. एकही पुस्तक न जोडलेले लेखक काढून टाकले, प्रोटेक्ट लावलेलं असल्यामुळे ते निर्धास्तपणे करता आलं.

२ जुलै

पुस्तकं संपली, सभासद सुरू. ६४० चालू सभासद. जुन्या रजिस्टरातून नाव, पत्ता, फोन, अनामत. पत्ते बदललेले असतात, म्हणून इथे अपडेट-ऑर-क्रिएट वापरलं: सापडलं तर डिफॉल्ट्सने अद्ययावत करते, नाही तर बनवते.

दोन गोष्टी बिघडल्या. एक्सेलमध्ये फोनचा रकाना रिकामा असलेल्या ओळींनी आधी भरलेले फोन पुसून टाकले, कारण रिकामी जागा हेसुद्धा डिफॉल्ट्समधलं मूल्यच. आता रिकामे रकाने डिफॉल्ट्समधून आधीच गाळतो. दुसरी गोष्ट शोधायला आख्खी संध्याकाळ गेली. नाव सुधारलं जात होतं, पण जुळणी-चावी जुनीच राहत होती. चावी मी सेव्ह मेथडमध्ये (नोंद जतन करताना चालणाऱ्या कोडमध्ये) बनवत होतो. जँगो ४.२ पासून अपडेट-ऑर-क्रिएट अद्ययावत करताना डिफॉल्ट्समधलेच रकाने डेटाबेसात लिहिते, सेव्हमध्ये बदललेला बाकीचा रकाना तिथवर पोचत नाही. चावी डिफॉल्ट्समध्येच देऊ लागलो, प्रश्न मिटला.

६ जुलै

आषाढी एकादशी, वाचनालय बंद. बाईंचा फोन आला. वरच्या आळीतल्या एका आजींना परवा निरोप गेला होता की तुमच्याकडे तीन पुस्तकं थकली आहेत, दंड ४२ रुपये. आजी दुसऱ्या दिवशी येऊन पैसे देऊन गेल्या. पुस्तकं आपल्याकडे नाहीत असं त्या सांगत होत्या, पण संगणकात आहे म्हटल्यावर गप्प बसल्या.

मी रजिस्टर मागवलं. सुनीता शिंदे नावाच्या दोन सभासद आहेत, गाव एकच. सभासद मी नाव आणि गावावरून शोधत होतो. दुसरी ओळ आली तेव्हा ‘सापडलं’ म्हणून तिची देवघेव पहिलीच्या खात्यावर चढली. कुठलीही त्रुटी आली नाही. हो-नाहीच्या मोजणीतही काही खटकलं नाही, कारण ‘नवीन नाही’ हेच उत्तर तिथे अपेक्षित होतं.

बाई म्हणाल्या, “ह्या दोघी वेगळ्या आहेत हो. एक वरच्या आळीतल्या, एक स्टँडजवळ राहतात. म्हणून तर नंबर असतो.”

रजिस्टरच्या पहिल्या रकान्यात सभासद क्रमांक आहे, वाचनालय सुरू झालं तेव्हापासून. मी तो टाइप करून घेतला होता आणि डिफॉल्ट्समध्ये ठेवला होता. लेखक दोनदा झाला तर यादी लांबते, स्क्रिप्टने एक करता येतो. दोन माणसं एक झाली तर कुणाचं काय ते डेटाबेसात उरतच नाही. ते वेगळं करायला कागदच लागतो. माझ्यामुळे एका म्हाताऱ्या बाईला खोटं पडावं लागलं, हे मला दिवसभर लागून राहिलं.

७ ते १२ जुलै

सभासद टेबल पूर्ण रिकामं केलं. शोध फक्त सभासद क्रमांकावर, त्यावर युनिक कंस्ट्रेंट. नाव डिफॉल्ट्समध्ये. त्यावर एक तपासणी: क्रमांक सापडला पण नावाची चावी जुळली नाही, तर नोंद अद्ययावत न करता ओळ बाजूला काढायची. प्रतीचंही तसंच केलं, शोध दाखल क्रमांकावर.

देवघेवीची वही एप्रिलपासून पुन्हा बघावी लागली. बाई वाचत होत्या, मी टाइप करत होतो, रोज संध्याकाळी दोन तास, सहा दिवस. एकत्र झालेली खाती एकूण नऊ निघाली, म्हणजे एकोणीस माणसं. एका नावाच्या तीन जणी होत्या.

२० जुलै

सगळ्या फाइली ओळीने दोनदा चालवल्या. पहिल्या फेरीला अकरा मिनिटं. दुसऱ्या फेरीत लेखकनाव, प्रकाशक, पुस्तक, प्रत, सभासद, सगळीकडे नवीन शून्य. बाजूला काढलेल्या ओळी ६१, त्यांची छापील यादी बाईंकडे आहे. बहुतेक ठिकाणी लग्नानंतर बदललेलं आडनाव आहे, काही ठिकाणी रजिस्टरात क्रमांकच दोनदा लिहिला गेलाय.

एकूण खर्च: टायपिंग २२,४८०, त्याखेरीज माझ्याकडून २३६, सर्व्हर दोन महिन्यांचा १,३००.

दुपारी वरच्या आळीत गेलो. बाईही सोबत आल्या. आजींना ४२ रुपये परत दिले आणि चूक कुणाची होती ते सांगितलं. बाईंनी जुन्याच पावती पुस्तकातून पावती फाडली आणि नावाच्या आधी सभासद क्रमांक लिहिला, ३१८.